सोंग ठरलेलं, बोलणं कोणाचं?

आमच्या घरात सध्या वादाचा विषय एकच, त्सुंदेरे. जपानी ॲनिमेतल्या एका ठरावीक मुलीचं हे नाव. तोंडाने फटकळ, आतून मऊ. आवडत्या मुलाच्या पेकाटात लाथ घालणार, मग त्याच्यासाठी डबा आणणार आणि वर सुनावणार, "तुझ्यासाठी केला नाही, उरला होता म्हणून आणला." आपण अशा माणसाला फणस म्हणतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. जपान्यांनी त्यावर अख्खं घराणं उभं केलं. कुदेरे म्हणजे थंड, मोजकं बोलणारी. दांदेरे म्हणजे बुजरी. आणि यांदेरेचं प्रेम इतकं उतू जातं की ती सुरी घेऊन मागे लागते. पोरांची घराणी वेगळी: डोकं कमी आणि जिद्द जास्त असा नायक, आणि त्याच्या शेजारी केसांनी एक डोळा झाकलेला, कुणाशी न बोलणारा हुशार प्रतिस्पर्धी.

वाद घालणारे दोघं. एक आमचे हे. बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यातून निवृत्त झाले, पण खरा जीव रंगभूमीत. हौशी मराठी नाटकं बसवण्यात आणि कर्नाटकातली यक्षगानं पाहण्यात हयात गेली. दुसरी यांची भाची. पुण्याहून नोकरीला इथे आली, एका गेम स्टुडिओत पात्रांची चित्रं काढते, आमच्याकडे राहते. चर्च स्ट्रीटवरच्या ब्लॉसम आणि बुकवर्ममधून मांगाचे, म्हणजे जपानी चित्रकथांचे, खंड आणून आणून तिने माझं लोणच्याच्या बरण्यांचं कपाट बळकावलंय.

कुणालाही वाटेल, पोरगी ॲनिमेची वकिली करत असेल आणि म्हातारा नाक मुरडत असेल. उलटं आहे. ठरावीक पात्रांची बाजू हे घेतात, आणि जी रोज जेवताना मोबाइलवर ॲनिमे बघते तीच त्या पात्रांवर तुटून पडते. वेगवेगळ्या रात्री झालेली ही भांडणं मी इथे एकत्र केली आहेत. मध्ये मला बोलावंसं वाटलं तिथे मी बोलले आहे, कुणी विचारलं नसताना.

भाची: ती तोरादोरा मालिका संपली का मामा?

मामा: पंचवीसच्या पंचवीस भाग. तुझी ती तायगा भन्नाट आहे. प्रेमपत्र चुकून भलत्याच मुलाच्या दप्तरात जातं, ते परत मिळवायला ही रात्री लाकडी तलवार घेऊन त्याच्या घरात शिरते, आणि बघतात तर पाकीट रिकामं! पत्र आत घालायलाच विसरलेली. देवलांना हे सुचतं तर 'संशयकल्लोळ'मध्ये आणखी एक प्रवेश झाला असता. आणि ही मुलगी काय चीज आहे हे मला दोन मिनिटांत कळलं. लेखकाला ओळख करून देत बसावं लागलं नाही. साच्याचा हाच तर फायदा.

भाची: दोन मिनिटांत कळलं, मग उरलेल्या चोवीस भागांत काय कळायचं राहिलं?

मामा: ती अशी का झाली, ते. आणि ही बाई काही जपान्यांनी शोधलेली नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात अष्टनायिका आहेत. त्यातली कलहांतरिता बघ. भांडून प्रियकराला घालवून देते आणि तो गेला की तळमळते. हीच तुझी तायगा. हजार-दीड हजार वर्षं आपल्याकडच्या नर्तकी, चित्रकार, कवी या आठ जणींवर जगले. कुणी म्हणालं का, की बाई, तोचतोचपणा येतोय?

भाची: मामा, त्या आठ जणी नाहीतच. आठ अवस्था आहेत. संध्याकाळी नटूनथटून वाट बघते ती वासकसज्जा. रात्रभर तो आला नाही, पहाटे दुसरीच्या खुणा अंगावर घेऊन उगवला, की तीच बाई खंडिता. चिडून त्याला हाकललं की तीच कलहांतरिता. भरताने बाईला आठ दारांतून जाऊ दिलं. ॲनिमेवाल्यांनी प्रत्येक दारात एकेक मुलगी उभी केली आणि सांगितलं, हलायचं नाही, तुझ्या नावाच्या बाहुल्या विकायच्या आहेत.

(इथे हे चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छ होता. मुलगी पुण्यात शाळेत असताना कथ्थक शिकत होती, हे विसरले होते.)

मामा: बरं, भरताला सोडू. रवींद्र कलाक्षेत्रात तुला यक्षगानाला नेलं होतं ना? पडद्यामागून केदगे मुंदले हा मुकुट घातलेला कुणी नाचत आला की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतं, हा अभिमन्यू नाहीतर बभ्रुवाहन, कोवळ्या वयाचा वीर. बण्णद वेषातला आला, तोंडभर तांदळाच्या पिठीचे टोकदार ठिपके, की राक्षस. राजाचा किरीट वेगळा. स्त्रीवेष वेगळा. ॲनिमेत निळ्या केसांची मुलगी आली की अबोल, दोन शेंड्या बांधलेली आली की तडतडी, त्यात आणि यात फरक काय?

भाची: फरक नाही. आमच्याकडे पात्र काढलं की आधी ते पूर्ण काळ्या रंगाने भरतात. डोळे, कपडे, रंग सगळं पुसून नुसता काळा आकार. त्यावरून कोण ते ओळखता आलं तरच पुढे जायचं. ॲनिमेत तर याची जास्तच गरज होती. मांगाकार तेझुकाने १९६३ च्या जानेवारीत आपला यंत्रमुलगा ॲटम टीव्हीवर आणला तेव्हा दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग अतिशय थोड्या पैशांत उभा करायचा होता. मग चित्रं कमी काढायची, अंग स्थिर ठेवून नुसते ओठ हलवायचे, जुनी चित्रं जपून ठेवून पुन्हा वापरायची. चेहऱ्यावर नाक म्हणजे एक ठिपका. अशा चेहऱ्यात बारकावे कुठे दाखवणार? मग केसांनीच बोलायचं, डोळ्यांच्या आकारानेच बोलायचं. तिथवर माझी तक्रार नाही.

मामा: मग भांडतेस कशाला?

भाची: तू सांग ना, यक्षगानात तो अभिमन्यू बोलतो काय?

आणि इथे तिने नकळत यांच्या हातात हुकमाचं पान दिलं. यक्षगानात गाणी लिहिलेली असतात. भागवत, म्हणजे मुख्य गायक, ती गातो. पण मधला गद्य संवाद लिहिलेला नसतो, तो कलावंत उभ्या उभ्या रचतो. आणि ताळमद्दले नावाचा जो प्रकार आहे त्यात तर किरीट, रंग, नाच काहीच नाही. साध्या कपड्यांतली माणसं बसतात आणि कृष्ण, कर्ण, वाली होऊन तासन्‌तास एकमेकांशी वाद घालतात. हे एकदा सुरू झाले की यांना आवरणं कठीण.

मामा: हेच तर! कर्ण कोण, कसा, त्याचं काय होणार, हे समोरच्या प्रत्येकाला पाठ आहे. तरी माणसं येतात. आज हा माणूस कर्णाला काय बोलायला लावतो ते ऐकायला. कृष्ण जन्मरहस्य सांगून त्याला पांडवांकडे ओढू बघतो, त्या प्रसंगात मी एका कर्णाला चिडताना पाहिलंय, एकाला हसताना. एक तर कृष्णाचीच कीव करत होता. सोंग ठरलेलं आहे म्हणूनच बोलणं मोकळं. कोण आहे हे सांगण्यात वेळ जात नाही, सगळा जोर काय म्हणतो त्यावर.

भाची: मान्य. शंभर टक्के मान्य. आणि आमच्याकडे नेमकं तेच नाही. आमच्याकडे बोलणंही ठरलेलं. "गैरसमज करून घेऊ नकोस हं, तुझ्यासाठी नव्हतं," हे वाक्य ठरलेलं. ते म्हणताना मान कुठल्या बाजूला वळवायची, गाल कधी लाल करायचे, हाताची घडी कधी, सगळं ठरलेलं. तुझा कलावंत किरीट घालून मोकळा होतो. आमची मुलगी केस बांधले की संपली.

मामा: हा साच्याचा दोष की लिहिणाऱ्याच्या आळसाचा?

भाची: आळस म्हणून सोडून देऊ नकोस, तो धंदा आहे. हिरोकी आझुमा नावाच्या टीकाकाराने २००१ मध्ये जपानच्या ओताकूंवर, म्हणजे ॲनिमेच्या वेड्या चाहत्यांवर, पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं, हे प्रेक्षक आता गोष्ट बघतच नाहीत. त्यांच्या डोक्यात सुट्या भागांचं एक कोठार असतं: मांजराचे कान, घंटा, मोलकरणीचा झगा, डोक्यावर उभी राहिलेली एक बट. त्यातले भाग जुळले की जीव जडतो. त्याचं उदाहरण भारी आहे. गेमर्स नावाच्या दुकानांसाठी १९९८ मध्ये एक मुलगी काढली, देजिको. हिरवे केस, मांजराचे कान, घंटा. तिला गोष्टच नव्हती. ती दुकानाची जाहिरात होती. लोकांना आवडली, मग मागाहून तिची मालिका काढली. आणि १९९५ च्या इव्हँगेलियन मालिकेतली रेई, ती अबोल मुलगी, ती लोकांना इतकी भावली की पुढे जिकडेतिकडे फिकट चेहऱ्याच्या, न बोलणाऱ्या मुली उगवल्या. रेई का बोलत नाही याला तिच्या गोष्टीत भयंकर कारण आहे. नकलांनी नुसतं न बोलणं उचललं.

मामा: पण तायगा? एकोणिसावा भाग आठव. नाताळची रात्र. तो मुलगा अस्वलाचं सोंग घेऊन हिला खूश करायला येतो, आणि हीच त्याला ढकलून दुसऱ्या मुलीकडे पाठवते, जा, ती वाट बघत असेल म्हणून. तो जातो. मग हिला एकदम कळतं आपण काय घालवलं ते, आणि ही बाहेर धावते, भर रस्त्यात त्याचं नाव घेऊन ओक्साबोक्शी रडते. तिथे मान वळवणं नाही, गाल लाल नाहीत, ते तुझं ठरलेलं वाक्य नाही. अठरा भाग तिने ज्या तऱ्हेने बोलून दाखवलं ती तऱ्हाच मोडून पडते. आधी तो साचा नसता तर मोडल्याचं मला कळलं असतं का?

भाची: मी त्या भागाला दर वेळी रडते. पण दुकानात कुठली तायगा मिळते? तलवार उगारलेली, भुवया चढवलेली. रस्त्यात रडणारी तायगा कुणी टेबलावर ठेवत नाही.

(माझ्या मते त्या रात्री इथे बरोबरी होती. मी ताटं उचलली.)

पुढची फेरी आठवड्याने झाली आणि ती चर्चा नव्हती. भाची शहरातल्या एका लहानशा चाहत्यांच्या मेळाव्याला तायगा होऊन गेली होती. व्हाइटफील्डच्या केटीपीओ या प्रदर्शन केंद्रात कॉमिक कॉन भरतं तसला हा पसारा नव्हता, एका हॉलमध्ये जमलेली शे-दीडशे पोरं. झगा मी शिवला होता, कापड चिकपेटेतून आणलं होतं, तलवार फोमची. घरी आली ती विग हातात धरून, घामाने कपाळाला केस चिकटलेले, आणि पहिल्यांदा पाणीसुद्धा न पिता बोलायला लागली.

भाची: एक मुलगा फोटो मागत होता. दोन दिले. मग खांद्यावर हात ठेवून काढू म्हणाला. मी म्हटलं, नको. तो हसला. मित्रांना म्हणाला, बघ, एकदम पात्रात आहे! मी पुन्हा म्हटलं, नको, खरंच नको. तर आणखी खूश. मी जितकी चिडेन तितकी मी चांगली तायगा. मामा, मला त्या जागी खरं "नको" म्हणायला शब्दच उरला नव्हता. माझं नको म्हणणं आधीच त्या पात्राच्या खात्यावर जमा झालं होतं.

हे काही बोलले नाहीत. मीच विचारलं, मग काय केलंस. म्हणाली, विग काढला. विग काढल्यावर तो बाजूला झाला.

मामा: त्याने मालिका नीट बघितलेली नसणार.

भाची: बघितलेली नसतेच, मामा! पंधरा सेकंदांचे तुकडे बघतात, स्टिकर पाठवतात. गोष्ट मागे राहते आणि साचा एकटाच गावभर हिंडतो. तू म्हणतोस तो एकोणिसावा भाग त्या साच्याबरोबर जात नाही. आणि "मुलगी चिडते म्हणजे तिला आवडतंय" हे शिकवायला जपानच पाहिजे असंही नाही. आपल्या सिनेमांतल्या किती नायकांनी नायिकेचा पाठलाग करून करून तिला पटवलंय, मोज. न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉनने २०१४ मध्ये पाट्या उभ्या केल्या, 'कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे' म्हणून. हे पाटी लावून सांगावं लागलं.

मामा: पाटी योग्य आहे. पण म्हणून तायगा लिहायचीच नाही?

इथे मी मध्ये पडले. मला ललिता पवार आठवत होत्या. बोलपटाच्या सुरुवातीच्या काळातली ही नायिका. १९४२ मध्ये चित्रीकरणात थोबाडीत बसली आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेची कामं संपली. पण त्या बारीक झालेल्या डोळ्यावरच पुढे खाष्ट सासू उभी राहिली, ती इतकी, की १९८७ मध्ये दूरदर्शनच्या रामायणात मंथरा कोण करणार हा प्रश्नच नव्हता. दोन पिढ्यांच्या सुना ललिता पवारांना मनात धरून उंबरठा ओलांडत होत्या. मी स्वतः सासू झाले तेव्हा सूनबाई पहिले सहा महिने मी साखर मागितली तरी दचकायची. हा साच्याचा तोटा, आणि तो मी भोगलाय. पण त्याच बाईंनी १९५९ च्या 'अनाडी'त मिसेस डिसा केली. भाडेकरूला येता-जाता शिव्या घालणारी आणि त्याच्यावर आईची माया करणारी घरमालकीण. फिल्मफेअर मिळालं. ती उतारवयातली त्सुंदेरेच की! खाष्टपणाचा तोच आवाज, तोच डोळा, पण शिवी आणि माया यांच्यामध्ये जे काही त्या चेहऱ्यावर होतं ते कुठल्या कोठारात मिळायचं नाही. आणि निळू फुले? गावोगावच्या बाया त्यांना खरोखरीचा नराधम समजायच्या, हा माणूस राष्ट्र सेवा दलातला. 'सामना'तला हिंदुराव आणि 'सिंहासन'मधला दिगू टिपणीस शेजारी ठेवून बघा म्हटलं.

भाची: मामी, तिकडेही अशी बाई आहे. आवाज देणारी रिए कुगिमिया. शाना, लुईझ आणि तायगा, तिन्ही चिडक्या मुलींना तिचाच आवाज. लोकांनी तिला त्सुंदेऱ्यांची राणी करून टाकलं. पण फुलमेटल अल्केमिस्टमधला अल्फॉन्ससुद्धा तीच. भल्यामोठ्या लोखंडी चिलखतात अडकलेला धाकटा भाऊ. एवढा धिप्पाड आकार आणि आतून इतका हळवा, समजूतदार आवाज येतो की अंगावर काटा येतो.

मामा: मग झालं ना! आकार एक सांगतो, आवाज दुसरं. मी काय वेगळं म्हणतोय?

भाची: तू म्हणतोस हे आपोआप होतं. मी म्हणते कुणीतरी मुद्दाम करावं लागतं, आणि करायला पैसे देणारा सहसा तयार नसतो.

माणसांना खणांत टाकायची हौस एकट्या जपानची नाही, हा मुद्दा हे मग काढतात, हरत आले की नेहमीच. तो खरा आहे. तिकडे ताकेजी फुरुकावाने १९२७ मध्ये रक्तगटावरून स्वभाव सांगायला सुरुवात केली, १९७१ च्या मासाहिको नोमीच्या पुस्तकाने ते घरोघरी नेलं, आणि आजही ॲनिमेतल्या पात्रांच्या माहितीत उंचीशेजारी रक्तगट छापलेला सापडतो. आपल्याकडे देवगण, मनुष्यगण, राक्षसगण. माझा राक्षसगण निघाला होता, सासूबाईंनी आठवडाभर घोळ घातला. (गण जुळला नाही. आमचं जुळलं की नाही हे वाचकांनी वरच्या संवादावरून ठरवावं.) आणि भाचीच्या स्टुडिओत प्रश्नावली भरून घेऊन प्रत्येकाला चार इंग्रजी अक्षरं वाटली आहेत. बैठकीत कुणी गप्प बसलं की म्हणे, त्याची अक्षरंच तशी आहेत. एखाद्याला त्या दिवशी घरून वाईट बातमी आलेली असू शकते, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

परवा ती एक कागद घेऊन आली. स्टुडिओच्या नव्या गेममध्ये चौथी मुलगी हवी आहे. कागदावर लिहिलेलं: त्सुंदेरे, बुटकी, दोन शेंड्या, एक सुळा बाहेर, हाताची घडी.

मामा: काढ की.

भाची: काढणारच आहे, नोकरी आहे. शेंड्या, सुळा, घडी, सगळं देईन. काळ्या आकारातून पहिल्या झटक्यात ओळखू येईल. फक्त घडी घातलेल्या हातांची बोटं बघ, मी कच्चं काढलंय. एका हाताने दुसऱ्या हाताची बाही घट्ट धरलीय. रागाने घडी घालणारा माणूस बाही धरत नाही.

यांनी कागद दिव्याखाली धरला. बराच वेळ बघितला.

मामा: हे चांगलंय. आता ही बोलते काय?

भाची: ते माझ्या हातात नाही. संवाद लिहिणारा वेगळा. त्याला यादी दिलीय, चिडल्यावरची आठ वाक्यं, लाजल्यावरची सहा.

मामा: त्याला पुढच्या ताळमद्दलेला घेऊन ये.

भाची: तो इंदूरचा आहे. त्याला कन्नड येत नाही.

मामा: तुला तरी कुठे येतं? दोघांच्या मध्ये बसून मी अर्थ सांगेन.

भाची: मामा, तू अर्थ सांगत नाहीस. तू तुझाच कर्ण बोलत बसतोस.